माइकवर पुकारलेली पोत

राग शांत झाल्यावर लिहायला बसावं, असं म्हणतात. त्या हिशेबाने मला या जन्मात लिहिता येणार नाही. तेव्हा रागातच लिहिते. फोडणी टाकताना माणूस जेवढा लांब उभा राहतो, तेवढं लांब राहून वाचावं.

गोष्ट माझ्या क्रेडिट कार्डाची आहे. माझं म्हणायचं ते एवढ्याचसाठी की त्यावर नाव माझं होतं. मी सुरतेत लिंबायतच्या मराठी शाळेत शिकवते. शाळा महापालिकेची. वर्गातली बहुतेक मुलं धुळे, नंदुरबार, अमळनेरकडची. त्यांचे आईबाप संच्यावर, म्हणजे यंत्रमागावर असतात, नाहीतर घरी बसून साड्यांना टिकल्या लावतात. आमचं घर काही वेगळं नाही. सासरे संच्यावर काम करूनच थकले, दीर अजून संच्यावर आहे, आणि नवरा पांडेसऱ्याच्या एका कापड मिलमध्ये फोल्डिंग खात्यात. ठरल्या तारखेला पगार खात्यात जमा होतो आणि तो कुणाच्या मर्जीवर नसतो, असं आमच्या सगळ्या भाऊबंदांत माझं एकटीचंच. म्हणून मग बँकेचा एक गोडबोल्या माणूस शाळेत आला, त्याने आम्हा सगळ्या शिक्षकांना चहा पाजला आणि अर्जांवर सह्या घेऊन गेला. अर्जावर मोबाइल नंबर नवऱ्याचा टाकला. नवराच म्हणाला, "तुला वर्गात फोन बघता येत नाही, माझा टाक." मी टाकला.

कार्ड घरी आलं तेव्हा सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. हे मी चेष्टेने लिहीत नाही, खरंच लावलं. घरात नवी वस्तू आली की त्या लावतात. पण तेव्हाच मला समजायला हवं होतं की ही वस्तू आता माझी राहिली नाही, घराची झाली. पुढच्या दोनेक वर्षांत त्या कार्डावर दिराचा मोबाइल आला, मावससासूच्या मुलाचा फ्रिज आला, शेजारणीच्या भावाचं वॉशिंग मशीनसुद्धा आलं. सगळे हप्ते आणून द्यायचे, रडत-कढत का होईना द्यायचे. मीही मनातून फुशारले होते. कुणी म्हणालं, "बाई, तुमच्यामुळे झालं हो," की मला बरं वाटायचं.

मग नंदोईंनी कार्ड मागितलं. स्वतः नाही मागितलं. जावई माणूस तोंडाने मागत नसतो, त्याच्या वतीने घर मागतं. नंदोई म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. उधन्याला त्यांची एम्ब्रॉयडरीची दोन मशिनं आहेत, मार्केटमधून साड्या आणून जॉबवर्क करतात. सासूबाईंनी मला सांगितलं की एका मशीनचा मोठा भाग बिघडलाय, नवा घ्यायचाय.

"दे ना माय ते कारड," त्या अहिराणीत म्हणाल्या. "पाव्हना शे तो आपला. तो कोनापान जाई?"

आमच्याकडे लेकीचा नवरा जन्मभर पाहुणा असतो. त्याचे केस पांढरे होवोत, त्याला नातवंडं होवोत, तो पाहुणाच. तो आला की खुर्ची मोकळी होते, पहिलं ताट त्याचं वाढलं जातं. त्याला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं. आणि दिलेलं परत मागायचं तर मुळीच नसतं. मला हे सगळं लग्न होऊन या घरात आल्यापासून पाठ होतं. तरी कपाळाला आठ्या घालत मी कार्ड दिलं. त्या वेळी माझ्या लेकीच्या लग्नाची धावपळ चालू होती आणि कुठलीही कुरबूर नको होती.

लग्न झालं. गोडादऱ्याच्या एका वाडीत मांडव होता. वाडी म्हणजे सुरतेत लग्नाचा हॉल. आमच्या लग्नात आहेर नुसते देत नाहीत, माइकवर पुकारतात. एक माणूस माइक धरून बसतो आणि कोणाकडून काय आलं ते सगळ्या पंगतीला ऐकवतो. काकांकडून टॉवेल-टोपी, मामांकडून साडी आणि ताट-वाटी, असं चाललेलं असतं. लोक भातावरचं वरण कालवता कालवता कान टवकारून ऐकतात आणि कोणी काय कमी केलं ते घरी जाऊन चघळतात. तर त्या दिवशी माइकवाला ओरडला, "नवरीच्या आत्या-फुवांकडून नवरीला सोन्याची पोत!" आणि मग एकदा सांगून त्याचं समाधान होईना म्हणून परत ओरडला. पंगतीत कुजबूज झाली. माझ्या विहीणबाईंनी मान वळवून पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी उठून नणंदेच्या गळ्यात पडले. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. मला वाटलं, लेकाच्या लेकीला बघून पुसतायत.

पुढची दोन-तीन वर्षं मी त्या कार्डाचा विचारही केला नाही. घरचा कारभार नवरा बघायचा. माझा पगार यायचा, त्यातलं घरखर्चाचं मी काढायचे, बाकीचं बँकेचं काम त्याच्याकडे. शाळेतून आल्यावर भाकरी थापायच्या की बँकेचे मेसेज वाचायचे, असा प्रश्न होता आणि भाकरीचं उत्तर दर वेळी आधी यायचं.

मग एक दिवस मुख्याध्यापकांनी मला वर्गातून बोलावून घेतलं. ते अवघडून उभे होते. त्यांच्या मोबाइलवर कोणाचा तरी फोन आला होता, वसुलीवाल्याचा. अर्जात ओळखीचा माणूस म्हणून त्यांचा नंबर दिला होता. वसुलीवाला त्यांना हिंदीत म्हणाला होता, "सर, आपकी टीचर पैसा दबा के बैठी है, जरा समझाइए." आमचे सर सज्जन आहेत. त्यांनी ते शब्द मला जसेच्या तसे सांगितले नसते, पण मीच खोदून खोदून विचारलं. शेजारच्या स्टाफरूममध्ये दोघी-तिघी वह्या तपासत होत्या, त्यांच्या पेनांचा आवाज थांबला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती जाताना मला वाटेतला गुडघासुद्धा जाणवला.

मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागच्या जिन्यात उभी राहून बँकेला फोन केला. पलीकडची पोरगी गोड होती. तिने मला 'मॅम' म्हणत सगळं सांगितलं. एका दागिन्यांच्या दुकानात एकाच दिवशी मोठी रक्कम गेली होती, कार्ड नंदोईंकडे होतं तेव्हाची. सुरुवातीला थोडे पैसे परत आले. मग दर महिन्याला 'मिनिमम' भरलं जात होतं. मागचे काही महिने तेही नाही.

मिनिमम! हा शब्द ज्याने शोधला त्याला मला एकदा भेटायचंय. मराठीत याला म्हणतात भोकाच्या बादलीत पाणी भरणं. महिन्याला शेकड्यामागे साडेतीन रुपये व्याज, वर दंड, दंडावर कर. थोडंसं भरलं की फोन गप्प बसतो आणि मुद्दल तिथल्या तिथे फुगत राहतं. आमच्या गल्लीतला व्याजाने पैसे देणारा माणूस निदान दाराशी येऊन शिव्या तरी देतो, माणसाला आपलं बुडतंय ते समजतं. ही बँक मात्र 'मॅम, आपका दिन शुभ हो' म्हणत मान कापते. जेवढे घेतले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट आता फेडायचे होते. आणि माझी नोकरी उरली होती दोनेक वर्षं. त्याआधी हे मिटलं नाही तर निवृत्तीला मिळणारा पैसा त्या बादलीत जाणार होता. त्या पैशावर मी माझं म्हातारपण मांडून ठेवलं होतं. कोणाच्या हाताखाली राहायचं नाही, कोणाच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायच्या नाहीत, एवढंच.

घरी गेले. नवरा नुकताच पाळीवरून आला होता, पाय धूत होता.

"कार्डाचं किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"मी भरत होतो ना," तो म्हणाला. "मध्ये मिलमध्ये पाळ्या कमी झाल्या म्हणून राहिलं."

"काय भरत होतात? व्याज भरत होतात! आणि पाहुण्यांनी हप्ते थांबवले ते मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्याकडे गेली असतीस."

हे मात्र खरं होतं. ज्या माणसाला माझा स्वभाव इतका नीट माहीत आहे, त्याने ती माहिती वापरली कशाला, तर आपल्याच घराला खड्ड्यात घालायला. वर म्हणतो कसा, बहिणीच्या संसारात बोल लागू नये म्हणून गप्प बसलो. बहिणीच्या संसाराचा एवढा पुळका, आणि माझा संसार काय भाड्याने आणला होता?

सासूबाई आतून आल्या. त्यांनी तोडगा तयारच ठेवला होता. "तुन्या पाटल्या शेत ना," त्या म्हणाल्या. "त्या मोडी टाक. कोनले समजनार नई."

त्या पाटल्या माझ्या पगाराच्या आहेत. माहेरच्या नाहीत, सासरच्या नाहीत. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत पै-पै साठवून केलेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी म्हटलं, "पाटल्या मोडणार नाही. मी रविवारी उधन्याला जाऊन पाहुण्यांकडे पैसे मागणार."

घरात जणू कोणी मेलं. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "पाव्हनाकडे पैसा मांगतस का कोनी? लोके थुंकतीन!" त्यांनी लेकीचं लग्न झाल्यापासून तिच्या घरचं पाणी प्यायलेलं नाही, आणि सून निघाली होती तिथून नोटा आणायला. नवरा म्हणाला, "जायचं असेल तर जा, पण मी येत नाही." मी म्हटलं, तुम्हाला बोलावलंय कोणी?

रविवारी रिक्षाने गेले. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. मशीनचा भाग म्हणून सांगितलं आणि सोनाराकडे कार्ड घासलं, म्हणजे नणंदेच्या अंगावर तो दागिना असणार. तो दिसला की त्याच्याकडे बोट दाखवून बोलायचं, असं ठरवलं होतं.

नणंदेने दार उघडलं. तिच्या गळ्यात काळे मणी आणि दोन वाट्या, त्याही बारीक. हातात काचेच्या बांगड्या. मागच्या खोलीतलं एक मशीन बंद, त्यावर चादर टाकलेली. नंदोई बनियनवर होते, ते घाईघाईने शर्ट घालून आले. "बसा वहिनी, बसा. चहा टाक गं," म्हणाले.

"चहा नको," मी म्हटलं. "माझ्या कार्डावर सोनं घेतलंत तुम्ही. मशीनचं नाव सांगून. त्याचे पैसे हवेत."

नंदोईंनी खाली पाहिलं. नणंदेने माझ्याकडे पाहिलं, आणि ती जे बोलली ते आजही माझ्या कानात जसंच्या तसं आहे.

"वहिनी, ती पोत आपल्या पोरीलाच घातली ना मांडवात. तुम्ही नव्हता का तिथे?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि मी खुर्चीत बसले. मी मांडवात ज्या आहेराने हुरळून नणंदेच्या गळ्यात पडले होते, तो माझ्याच कार्डाचा होता. माझ्याच लेकीला, माझ्याच नावाने उधार घेतलेली पोत, दुसऱ्याच्या नावाने, माइकवर, दोनदा! ऋण काढून सण करणारे पुष्कळ पाहिले. दुसऱ्याच्या नावावर ऋण काढून त्यालाच आहेर करणारे मी पहिलेच पाहिले.

"का?" मी विचारलं.

मग नणंद सांगत बसली. तिच्या थोरलीच्या लग्नात आम्ही मामा-मामी म्हणून कपाट, भांडी आणि कानातलं दिलं होतं. ते माइकवर पुकारलं होतं. मामाने एवढं आणल्यावर आत्या टॉवेल-टोपी घेऊन कशी येणार? तिच्या सासरचे तिथे बसलेले असणार, आमचे नवे व्याही बसलेले असणार. "माझं माहेर आहे ते, वहिनी. माहेरच्या मांडवात मला मान खाली घालायला लावायची होती का तुम्हाला?" नंदोई म्हणाले, "हप्ते भरत होतो की. मग मार्केटमध्ये पैसे अडकले, एक मशीन बंद पडलं. भाऊ म्हणाले, राहू द्या, मी बघतो." भाऊ म्हणजे माझा नवरा.

मला त्यांची दया आली, आणि दया आली याचाही संताप आला. रागवायला सरळसोट लबाड माणूस सापडला असता तर बरं झालं असतं. इथे तर सगळेच मानाचे मारलेले, आणि जो तो दुसऱ्याची इज्जत सांभाळतोय. आम्ही कपाट दिलं तेही काही खिशातून नव्हतं, सोसायटीचं कर्ज काढून दिलं होतं. आम्ही त्यांना कर्जाने मान दिला, त्यांनी तो आमच्याच कर्जाने फेडला. मधल्या मध्ये बँक जेवून उठली.

तरी मी पैसे मागितलेच. म्हटलं, "मशीन चालू असो की बंद, दर महिन्याला जमेल तेवढं, पण माझ्या हातात आणून द्यायचं. भावाच्या हातात नाही." नंदोई हो म्हणाले. कान लाल झाले होते, पण हो म्हणाले.

घरी येऊन मी सासूबाईंना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माले माहीत व्हतं." म्हणजे मांडवात पदराने डोळे पुसत होत्या तेव्हा त्यांना माहीत होतं. मी ताटात हात आपटला आणि गहू घरभर उडाले. मग मीच ते वेचत बसले, कारण वेचणार कोण होतं दुसरं?

बँकेशी मी रोज भांडले. शेवटी एका साहेबाने सांगितलं की महिनाअखेरपर्यंत मोठी रक्कम एकदम भरली तर पुढचं व्याज थांबवून बाकीचे हप्ते बांधून देता येतील. मोठी रक्कम कुठून आणायची, याचा मी फार विचार केला नाही. पोत होती ना. सोन्याचा भाव तेव्हापासून वाढलेला. ती माझ्या पैशाची होती, माझ्या लेकीकडे होती. लेकीला खरं सांगायचं आणि पोत मागून घ्यायची. तिच्या सासरी काय वाटेल ते वाटो.

लेक बारडोलीला दिली आहे. जावयाचं मोबाइलचं दुकान आहे. बसमध्ये बसले, दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये रस्ता. मी पुन्हा वाक्यं जुळवत होते. या खेपेला सोपी होती, कारण समोर माझीच पोर असणार होती.

विहीणबाई दारातच भेटल्या. अघळपघळ, बोलक्या बाई आहेत. पाणी देता देता म्हणाल्या, "विहीणबाई, पोरीची पोत तुम्ही तुमच्याकडे ठेवून घेतलीत ते बेस झालं बघा. इथे आमच्या सोसायटीत चोऱ्या फार चालल्यात."

मी पाण्याचा पेला तोंडाला लावलेला तसाच धरून राहिले. मागे स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती. ती माझ्याकडे असं पाहत होती की मी "हं" म्हटलं. फक्त "हं."

आत गेल्यावर तिने नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "आई, हळू बोल," ती म्हणाली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. "पोत गहाण आहे. यांच्या कार्डाचं बिल थकलं होतं. दुकानात माल भरला होता, तो खपला नाही. सासूबाईंना माहीत नाही. मी त्यांना सांगितलं की तुझ्याकडे ठेवलीय. आई, तू कोणाला बोलू नकोस. बाबांना तर नकोच."

शिकलेली पोर. माझी पोर. जिला मी मोठी होईपर्यंत सांगत आले की कोणापुढे दबायचं नाही, ती नळ सोडून माझ्याशी कुजबुजत होती. आणि जे वाक्य मी आमच्या घरात ऐकून ऐकून किटले होते, कोणाला बोलू नको, तेच ती मला सांगत होती.

जेवायला बसलो. जावई दुकानातून आले. पहिलं ताट त्यांचं. विहीणबाईंनी शिरा केला होता. मी हसले. मी म्हटलं, शिरा छान झालाय. उभ्या घरादाराशी भांडून, पाहुण्याच्या तोंडावर पैसे मागून आलेली मी, माझ्या जावयासमोर मुकाट शिरा गिळत होते. कारण संध्याकाळी मी बसने सुरतेला जाणार होते आणि माझी लेक तिथेच राहणार होती. ज्याच्या घरात आपली पोर आहे, त्याच्यावर आवाज चढवायचा कसा? सासूबाई एवढी वर्षं गप्प का, ते मला त्या शिऱ्याबरोबर समजलं. समजलं म्हणून राग गेला, असं कोणी समजू नये. उलट वाढला. एका पोरीच्या जिवावर दोन-दोन घरं कशी गप्प बसवली जातात, तेही पाठोपाठ समजलं.

जावई मला स्कूटरने बस स्टँडवर सोडायला आले. बस लागलेली होती. मी उतरले, पदर सारखा केला. तेव्हा ते लाडीगोडीने, अर्ध्या गुजरातीत म्हणाले, "मम्मी, एक वात करायची होती. तुमच्या कार्डाचं लिमिट किती आहे? आता सीझन येईल, थोडा माल भरायचाय. बे महिन्यात रिटर्न करून टाकीन."

शिरा गिळता येतो. हे नाही गिळता आलं.

"नाही," मी म्हटलं. माझा वर्गातला आवाज लागला होता, तो मागच्या बाकापर्यंत जातो. स्टँडवरची माणसं वळली. "कार्ड मिळणार नाही. जन्मात मिळणार नाही. आणि पोत कधी सोडवताय ते सांगा."

त्यांचा चेहरा उतरला. "मम्मी, घरनी वात अशी बाहेर..."

"घरात बोलायला माझ्या पोरीला नळ सोडावा लागतो. म्हणून बाहेर बोलतेय. पोत सोडवा."

त्यांनी स्कूटरला किक मारली आणि ते निघून गेले. मी बसमध्ये चढले. बस हलली. बोलताना बरं वाटलं होतं. कडोदऱ्यापर्यंत येता येता तो माणूस आता घरी पोचला असेल, असं डोळ्यांसमोर यायला लागलं. मीच तर त्याला पेटवून घरी पाठवला होता. उतरावं आणि उलट्या बसने परत जावं, असं दोनदा मनात आलं.

कर्जाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. मोठी रक्कम जमली नाही, तरी साहेबाशी घासाघीस करून हप्ते बांधून घेतले. कार्ड कात्रीने कापलं, आणि हळदकुंकू न लावता केरात टाकलं. पाटल्या हातात आहेत. माझ्या पगारातून एक भाग जातो, नवऱ्याच्या पगारातून एक, आणि नंदोई दर महिन्याला येऊन माझ्या हातात पैसे ठेवतात. ते आले की सासूबाई आत जाऊन बसतात. बँकेचा मेसेज आता माझ्या फोनवर येतो आणि मी तो भाकरी थापायच्या आधी वाचते. भाऊबंदांत सगळीकडे कळवलंय की आम्ही आहेर आणणार नाही आणि आमच्याकडेही कोणी आणू नये. मी रिकाम्या हाताने लग्नाला जाते आणि पोटभर जेवते. मागून लोक बोलतात. बोलू देत, त्यांच्या बोलण्यावर व्याज लागत नाही. निवृत्तीपर्यंत फिटेल असं वाटतंय, जेमतेम.

त्या संध्याकाळचं राहिलं. घरी पोचून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, तोच लेकीचा फोन आला.

"आई, काय बोललीस तू यांना?"

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"आल्यापासून भांडी आपटतायत. म्हणतात, तुझ्या आईला पाहुण्यांशी कसं बोलायचं कळत नाही. चारचौघांत अब्रू घेतली."

मी उंबऱ्यातच बसले. मला तिची माफी मागायची होती आणि मागायची नव्हतीही. "तुला काही केलं का त्याने?" मी विचारलं. जावयाला मी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"नाही," ती म्हणाली. "मी सासूबाईंना सांगून टाकलं."

"काय सांगितलंस?"

"पोत कुठे आहे ते. आणि कशासाठी ठेवली तेही."

फोनमधून मागे विहीणबाईंचा आवाज येत होता. त्या चढ्या आवाजात ओरडत होत्या, शब्द नीट लागत नव्हते. "कोणावर ओरडतायत गं? तुझ्यावर?"

"माझ्यावर नाही," लेक म्हणाली. "यांच्यावर. ठेवते मी, मला ऐकायचंय."